टॉवरवरचा चौथा माणूस

सांगलीत माणसाला तुरुंगाच्या वाटेला लावणारी महत्त्वाची कार्यालयं विश्रामबाग आणि त्याला लागून असलेल्या विजयनगरात आहेत. पोलिस अधीक्षक इथं, जिल्हा न्यायालय इथं, जिल्हाधिकारी कचेरीही इथंच. तुरुंग मात्र तीन-चार किलोमीटरवर, जुन्या गावात, पटवर्धन संस्थानिकांच्या गणेशदुर्गात. त्यामुळे विश्रामबागेतल्या माणसाला तुरुंग दिसतो तो कोर्टाच्या आवारात उभ्या राहणाऱ्या पोलिस गाडीपुरता. गाडीतले बंदी दिसतात, बंदोबस्ताचे पोलिस दिसतात. संध्याकाळी याच बंद्यांना आत मोजून घेणारा कारागृह शिपाई कुणाला दिसत नाही. दिसला तरी लोक त्याला पोलिसच समजतात. तो पोलिस नाही. त्याचं खातं वेगळं. आणि गुन्हेगार पकडल्याचा फोटो त्याच्या वाट्याला कधी येत नाही.

मराठी माणसाच्या डोक्यात जेलर म्हणजे एक तर ‘दो आँखें बारह हाथ’मधला आदिनाथ, नाही तर ‘शोले’तला असरानी. एक देवमाणूस, दुसरा विदूषक. या दोघांच्या मधे जी हजारो माणसं रोज गणवेश चढवून कामावर जातात, त्यांच्या मनावर ही नोकरी नेमकी कशी चढते, ते नीट उलगडून बघण्यासारखं आहे. कारण त्यांचा ताण कैद्यांमुळे येतो असं आपण गृहीत धरतो, आणि तिथंच उपायही चुकतात.

आधी काम काय असतं ते बघू. जिल्हा कारागृहाचा दिवस गिनतीनं सुरू होतो आणि गिनतीनंच संपतो. सकाळी बराकी उघडताना बंदी जोडीनं बसतात, शिपाई दोन-दोनच्या हिशेबानं मोजत जातो. रात्रीचा आकडा आणि सकाळचा आकडा जुळला की चहा, नाश्ता, मग मुलाखती, वकील, डॉक्टर, कोर्टाची पेशी. कोर्टाला जाणाऱ्यांची झडती जाताना, पुन्हा आल्यावर. दुपारी बराकी बंद, पुन्हा उघडायच्या, अंधार पडायच्या आत पुन्हा बंद. प्रत्येक वेळी गिनती. आकडा एकानं जरी कमी भरला तरी सगळे जागच्या जागी थांबतात. बहुतेक वेळा तो एक जण संडासात असतो, दवाखान्यात असतो, नाही तर जामिनावर सुटलेला असतो आणि वहीत नोंद मागं राहिलेली असते. पण ते कळेपर्यंतची पाच-दहा मिनिटं शिपायाच्या छातीत काय चालतं ते त्यालाच ठाऊक. गिनती जुळल्याशिवाय पाळी सुटत नाही.

आता या कामाची एक गंमत बघा. ते उत्तम झालं तर काहीच घडत नाही. डॉक्टरचा रोगी बरा होतो, मास्तरचा पोरगा पास होतो, गवंड्याची भिंत उभी राहते. पहारेकऱ्याचा उत्तम दिवस म्हणजे कोरा दिवस. वर्षभर कोरे दिवस काढल्याबद्दल कुणी पाठ थोपटत नाही. एके दिवशी काही घडलं की चौकशी, निलंबन, जबाब. सांगलीच्या तुरुंगाचा सर्वांत प्रसिद्ध दिवस 24 जुलै 1943. त्या दिवशी वसंतदादा पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी तुरुंग फोडला, तटावरून खंदकात उड्या घेतल्या. दोन साथीदार मारले गेले, दादांना गोळी लागली. स्वातंत्र्यलढ्यातलं ते तेजस्वी पान आहे आणि सांगली ते अभिमानानं सांगते. त्या दुपारी पहाऱ्यावर असलेल्या शिपायांचा विषय मात्र कुणी काढत नाही. नोकरीची जात तेव्हाही हीच होती: यश दिसत नाही, अपयश पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं.

शरीर या सगळ्याला स्वतःच्या पद्धतीनं उत्तर देतं. धोका जाणवला की मेंदू अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल सोडायला लावतो. नाडी वाढते, स्नायू ताठ होतात, कान टवकारले जातात. धोका टळला की ही यंत्रणा खाली येते. ती बनलीच आहे चार-दोन मिनिटांच्या प्रसंगांसाठी. तुरुंगात धोका प्रत्यक्षात क्वचित येतो, पण तो येऊ शकतो ही शक्यता आठ तास जात नाही. यंत्रणा मग अर्धवट चढलेली राहते. पाळी संपते, शिपाई वडापच्या गाडीतून विश्रामबाग चौकात उतरतो, घरी येतो, तरी ती उतरत नाही. हॉटेलात दाराकडे तोंड करून बसायचं, कडी लावली की नाही ते तिसऱ्यांदा बघायचं, मुलांना हजेरीच्या आवाजात हाक मारायची. बायकोला वाटतं माणूस तापट झालाय. त्याला स्वतःला बदल जाणवतही नाही, कारण आत हेच वागणं शहाणपणाचं असतं.

दुसरी गोष्ट, आतल्या बळाची. बाहेरून वाटतं की शिपायाच्या हातात काठी आणि किल्ली, म्हणजे सत्ता त्याची. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ग्रेशम साइक्स यांनी 1958 सालच्या ‘द सोसायटी ऑफ कॅप्टिव्ह्ज’ या पुस्तकात हा भ्रम मोडीत काढला. शंभर माणसांच्या बराकीसमोर उभे दोन-तीन पहारेकरी नुसत्या दंडुक्यावर दिवस रेटूच शकत नाहीत. रोजचा गाडा चालतो तो न बोललेल्या देवाणघेवाणीवर. थोडं इकडे दुर्लक्ष, थोडा तिकडे मान. ही देवाणघेवाण जमली तर बराक शांत राहते, पण नियमाच्या पुस्तकात तिला जागा नसते, म्हणून शिपाई कायमच किंचित गुन्हेगार असतो. कडक वागला तर बराक बिथरते, सैल सोडली तर साहेब बिथरतात.

त्यात चेहऱ्याचं काम वेगळंच. भीती दाखवायची नाही, कीव दाखवायची नाही, चीडही बेतानंच. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1983 मध्ये विमानातल्या सेविकांचा अभ्यास करून दाखवलं की भावना दाखवणं किंवा दाबणं हेही अंगमेहनतीसारखं काम असतं आणि त्यानं माणूस थकतो. सेविकेला हसायचे पैसे मिळतात. तुरुंगातल्या शिपायाला दगडाचा चेहरा ठेवायचे. आठवड्याच्या मुलाखतीला जाळीपलीकडे चार वर्षांची पोर बापाला बोटं लावायला बघते आणि मधे उभा असलेला माणूस घड्याळ बघत असतो. त्यालाही घरी पोर असते.

जिल्हा कारागृहात आणखी एक भर पडते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022च्या अहवालानुसार देशातले तुरुंग क्षमतेच्या 131 टक्के भरलेले होते आणि चारांतले तीन बंदी न्यायाधीन, म्हणजे खटला चालू असलेले. असे बंदी जिल्हा तुरुंगात सतत येत-जात राहतात. मध्यवर्ती कारागृहातला जन्मठेपेचा कैदी शिपायाला दहा वर्षं ओळखतो, स्वभाव दोघांनाही माहीत असतात. इथं रोज संध्याकाळी नवा माणूस येतो. तो दारूच्या तलफेनं थरथरतोय, कुणाच्या टोळीतला आहे की पहिल्यांदाच आत येऊन कोलमडलाय, हे काही मिनिटांत ताडायचं असतं. आणि बंद्यानं स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करून घेण्याचा धोका आत आल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत, दिवसांतच जास्त असतो.

असं काही घडलंच तर पुढची यंत्रणा ठरलेली आहे आणि ती असायलाच हवी. कोठडीतल्या मृत्यूची खबर 24 तासांच्या आत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला द्यावी लागते, न्यायदंडाधिकारी चौकशी करतात. पण या साऱ्यात पाळीवरचा शिपाई येतो तो एकाच रूपात: जबाब देणारा. शेवटचं कधी पाहिलं, फेरी किती वाजता मारली, वहीत सही का नाही. ज्या माणसाला त्यानं महिनाभर रोज मोजलं तो गेला, याचं त्याला काही वाटलं असेल हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. पुढच्या पाळीला त्याच बराकीसमोर उभं राहायचं असतं.

इथपर्यंत वाचून वाटेल की काम अवघडच आहे, त्याला इलाज काय? स्वीडिश-अमेरिकी अभ्यासाची एक जुनी मांडणी इथं उपयोगी पडते. रॉबर्ट कारासेक यांनी 1979 मध्ये दाखवलं की नुसत्या कामाच्या बोज्यानं माणूस तितका मोडत नाही. बोजा जास्त आणि स्वतःच्या हातात काहीच नाही, अशी जोडी जमली की मोडतो. पुढे त्यात तिसरी बाब जोडली गेली, बरोबरच्यांचा आणि वरिष्ठांचा आधार. शल्यचिकित्सकावरही बोजा असतोच, पण शस्त्रक्रिया कशी करायची ते तो ठरवतो. शिपाई आपली सुट्टीसुद्धा ठरवू शकत नाही. तेव्हा प्रश्न बराकीकडून सरकतो ड्युटी चार्टकडे. माझ्या मते सगळ्यात जास्त बघण्यासारखा कागद हाच.

एक टॉवर घ्या. तिथं दिवसरात्र, वर्षभर एक माणूस हवा. आठ तासांची पाळी धरली तर दिवसाला तीन, वर्षाला 1095 पाळ्या. आता एक शिपाई वर्षात किती दिवस हजर राहू शकतो? 365 मधून साप्ताहिक सुट्टीचे 52 गेले, अर्जित रजेचे 30, किरकोळ रजेचे 8. उरले 275. भागाकार केला की उत्तर येतं जवळजवळ चार. म्हणजे टॉवरवर एक माणूस दिसायला हवा असेल तर पटावर चार हवेत. यात आजारपण, प्रशिक्षण, सणवाराच्या सुट्ट्या धरलेल्याच नाहीत. धरल्या तर पाचवा लागेल.

आता चौथा काढून घ्या. देशभरात कारागृहांतल्या मंजूर पदांपैकी तीस टक्क्यांच्या आसपास रिकामी आहेत, तेव्हा चारातला एक नसणं हे काही कल्पनेतलं चित्र नाही. उरले तिघं. 1095 भागिले तीन: प्रत्येकी 365. झालं. साप्ताहिक सुट्टी नाही, रजा नाही, बहिणीचं लग्न नाही, ताप नाही. हे चालणं शक्यच नाही, म्हणून चालवण्याच्या युक्त्या निघतात. पाळी बारा तासांची करायची. मग प्रत्येकाला वर्षाला 243 पाळ्या येतात, दिवस कमी दिसतात, पण तास भरतात 2920. चार माणसं असताना ते 2200 होते. वर्षाला 720 तास जादा, म्हणजे आठ तासांचे 90 दिवस. नाही तर एका माणसाकडे दोन पोस्ट द्यायच्या. नाही तर सुट्टी मंजूर करायची आणि आदल्या रात्री फोन करून रद्द करायची. या शेवटच्या युक्तीचं नुकसान तासांत मोजता येत नाही. मुलाला सर्कस दाखवायचं वचन दिलेलं असतं. तिसऱ्यांदा मोडल्यावर बाप वचन देणंच सोडतो.

महिला विभागात तर हा हिशेब आणखी कडक, कारण तिथं पहाऱ्याला स्त्रीच लागते. पटावर मोजक्या महिला शिपाई असल्या आणि एक बाळंतपणाच्या रजेवर गेली, तर बाकीच्यांनी आजारी पडायचं नाही.

रात्रपाळीचं गणित वेगळं मांडायला हवं. शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं. पहाटे तीन ते पाच ही सतर्कतेची सगळ्यात पडकी वेळ, आणि टॉवरवर नेमकी तेव्हाच सतर्कता हवी. सकाळी घरी येऊन झोपलेल्या माणसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा बहुधा दोन-तीन तासांनी तोकडी असते. दोन खोल्यांचं घर, कुकरच्या शिट्ट्या, भाजीवाला, मिरज रस्त्यावरचे हॉर्न. असे पाच-सहा दिवस गेले की माणूस दारू प्यायल्यासारखा मंदावतो आणि त्याला वाटतं मी ठीक आहे. जागं राहायला मावा, झोप यायला क्वार्टर. व्यसनाची सुरुवात खूपदा अशी, कामाच्या सोयीसाठी होते.

चार्टमध्ये काय बदललं तर फरक पडतो, हे बऱ्यापैकी ठाऊक आहे. पाळ्या पुढे सरकत्या ठेवाव्यात: सकाळ, मग दुपार, मग रात्र. उलट क्रम शरीराला जास्त जड जातो. दोन पाळ्यांमध्ये किमान अकरा तासांची फट असावी. युरोपीय संघानं हे कायद्यातच घातलंय. ओळीनं येणाऱ्या रात्रपाळ्या कमी असाव्यात. चार्ट महिनाभर आधी लागावा आणि आपसात पाळी बदलायची मुभा असावी. ही शेवटची मुभा फुकट आहे. एकही पद न भरता ती देता येते, आणि कारासेक ज्याला स्वतःच्या हातातली गोष्ट म्हणतात ती निदान चिमूटभर परत येते.

याउलट जे हमखास केलं जातं ते म्हणजे शिबिर. ध्यान, प्राणायाम, एक व्याख्यान, गटफोटो. योगानं नुकसान होत नाही, पण शिबिराला बहुधा पाळी संपवून आलेली माणसं बसवतात. झोप हवी असलेल्याला श्वास मोजायला लावणं ही थट्टा आहे. दुसरी एक पद्धत तर चक्क टाळण्याजोगी: मोठा प्रसंग घडला की सगळ्यांना एकत्र बसवून त्याच दिवशी तो सविस्तर सांगायला लावणं. एकदाच घेतलेल्या अशा बैठकीनं पुढचा आघातविकार टळत नाही, काहींचं दुखणं उलट वाढतं, असं अभ्यासांत दिसलंय. जागतिक आरोग्य संघटनेची 2011ची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका साधं सांगते: माणूस सुरक्षित आहे ना ते बघा, पाणी-जेवण-झोप बघा, तो बोलला तर ऐका, बोलायला भाग पाडू नका, घरच्यांशी गाठ घालून द्या. पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा. तुरुंगाच्या भाषेत याचा अर्थ, जबाब नोंदवून झाल्यावर त्या शिपायाला दोन दिवस घरी सोडा आणि परत आल्यावर लगेच त्याच बराकीवर लावू नका.

समुपदेशक का नेमत नाहीत, असं कुणी विचारेल. 2016च्या आदर्श कारागृह नियमावलीत पाचशे बंद्यांमागे एक मानसशास्त्रज्ञ सांगितलाय. 2025च्या ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’नुसार देशातल्या पावणेसहा लाखांच्या आसपास बंद्यांसाठी असे जेमतेम 25 जण आहेत. बंद्यांचीच ही गत, तिथं शिपायाचा नंबर कधी लागणार? आणि लागला तरी तो त्याच तुरुंगातल्या तज्ज्ञाकडे जाईल असं वाटत नाही. बराकीच्या वाटेवरच्या खोलीत शिरताना सगळे बघतात. ‘ह्याचं डोकं फिरलंय’ ही बातमी सुभेदारापर्यंत जायला वेळ लागत नाही, आणि मग बंदुकीची ड्युटी जाईल, बढती अडेल ही भीती असते. म्हणून मदत तुरुंगाच्या भिंतीबाहेरची हवी.

कायदा या भीतीच्या विरोधात उभा आहे, पण तो शिपायाला कुणी सांगत नाही. 2017चा मानसिक आरोग्य सेवा कायदा रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देतो. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे आणि नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेनं काढून टाकू नये किंवा पदावनत करू नये, असं तो सांगतो.

सांगली जिल्ह्यातच एक वेगळा दाखलाही आहे. औंध संस्थानात 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत उभी राहिली. संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधींचा पाठिंबा, पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांची कल्पना. भिंत नाही, कैदी शेती करतात, कुटुंबासह राहतात. ‘दो आँखें बारह हाथ’ची कल्पना तिथूनच आली. या वसाहतीबद्दल बोलताना कैदी कसे बदलले एवढंच सांगितलं जातं. तिथल्या कर्मचाऱ्याचं कामही बदलतं, ते राहून जातं. पळून जाईल का, या एका प्रश्नाऐवजी पेरणी, आजारपण, पोरांची शाळा असे दहा प्रश्न येतात आणि दिवसाअखेरी काहीतरी झालेलं दिसतं. सगळे तुरुंग असे करता येणार नाहीत, हे उघड आहे. न्यायाधीन बंद्यांच्या बराकीत तर नाहीच. चित्रपटातही आदिनाथ शेवटी मरतोच. एकट्यानं सगळं ओढणाऱ्या अधिकाऱ्याचं कौतुक करायची आपली सवय तेवढी जुनी आहे.

एका माणसावर किती ताण पडू शकतो ते गेल्या काही वर्षांत दोनदा दिसलं. ऑगस्ट 2019च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, कारागृहात पाणी शिरलं आणि बंद्यांना वरच्या मजल्यावर न्यावं लागलं. ज्याचं घर पूरपट्ट्यात होतं त्या कर्मचाऱ्याला आत पाण्यावर लक्ष ठेवताना घरच्या पाण्याची काळजी होतीच. मग एप्रिल 2020मध्ये करोनामुळे मुंबई, ठाणे, भायखळा, कल्याण, येरवडा हे तुरुंग आतून बंद केले गेले आणि कर्मचारीही बंद्यांबरोबर आतच मुक्कामाला राहिले. दोन्ही वेळा व्यवस्था तगली ती घरदार बाजूला ठेवणाऱ्या माणसांवर. नंतर त्यांना वेगळी विश्रांती मिळायला हवी होती. आणीबाणीत रजा गोठवता येते, पण ती नंतर वितळवावीही लागते.

घरच्यांनी कधी हालचाल करावी? झोप महिनाभर बिघडलेली, चिडचिड नेहमीची, आवडत्या गोष्टींत मन नाही, दारू वाढलेली, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं बोलणं. यातलं शेवटचं ऐकलं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी विचारायचं, सरळ शब्दांत. विचारल्यानं तसं काही डोक्यात भरत नाही. ‘टेलिमानस’चा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. सांगलीत सिव्हिल आहे, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. विश्रामबागेतून दोन्हीकडे वडापनं जाता येतं. साध्या कपड्यांत जावं, केसपेपर काढावा.

डॉक्टर आधी बोलतील, थायरॉइड, साखर तपासायला सांगतील. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे जातात. पहिल्या आठवड्यात काही फरक नाही म्हणून सोडू नयेत, बरं वाटलं म्हणून मनानं बंदही करू नयेत. रात्रपाळीवाल्यानं झोपेची गोळी मित्राच्या सांगण्यावरून मेडिकलमधून घेऊ नये. आणि पहिल्या भेटीला जाताना गेल्या महिन्याचा ड्युटी चार्ट बरोबर न्यावा, मोबाइलवर फोटो काढलेला चालेल. गोळी सकाळी घ्यायची की पाळीवरून आल्यावर, हे तो बघितल्याशिवाय डॉक्टरांना ठरवता येत नाही.